नाकतोड्याला नवी मोटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याला लागलं की मध्ये आमचं बाभुळगाव येतं. तालुक्याचं गाव, पण संसार सगळा शेतीवर. कापूस, तूर, सोयाबीन आणि बेंबळ्याच्या पाण्यावर जे साधेल ते. जिथं विहीर तिथं मोटर, आणि जिथं मोटर तिथं ती कधी ना कधी जळणारच. अशा जळालेल्या मोटरी भरून देण्याचा, म्हणजे रिवाइंडिंगचा, माझा व्यवसाय. त्याला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "भाऊ, भरूनच देता तर जराशी जोराची करून द्या ना!"

आज मी याच वाक्याबद्दल बोलणार आहे. फक्त मोटर विहिरीवरची नाही. ती मुठीत मावेल एवढी आहे, आणि ती बसवायची होती रेडिओवर चालणाऱ्या एका जुन्या खेळण्यातल्या गाडीला. खेळण्यातली म्हणून हसू नका. मोटर केवढीही असो, तिचे नियम तेच असतात. उलट लहान मोटरीवर ते चटकन कळतात, कारण तिथं काही बिघडलं तर विहिरीत उतरावं लागत नाही.

ही गाडी माझ्या थोरल्या भावाची. ते कुवेतला वेल्डर होते. १९८६ साली सुटीवर आले तेव्हा टेपरेकॉर्डर, घड्याळं, साड्या यांच्यासोबत पुठ्ठ्याचा एक मोठा खोका घेऊन आले. खोक्यात तयार गाडी नव्हतीच. गाडीचे सुटे भाग होते, मूठभर स्क्रू होते आणि चित्रांचं एक पुस्तक होतं. चित्रं पाहायची आणि गाडी आपली आपण जोडायची. रेडिओचा संच वेगळा घ्यायचा. भावाने सगळी सुटी त्यात घालवली. रोज रात्री कंदील जवळ घेऊन बसायचे, कारण लाइटचा भरवसा नसायचा. गाडीचं नाव ग्रासहॉपर, म्हणजे नाकतोडा. आमच्या घरात तिला आजही नाकतोडाच म्हणतात.

ही गाडी बनवणारी टामिया कंपनी जपानच्या शिझुओका शहरातली. १९४६ साली ती लाकडाच्या धंद्यात होती. पुढे लाकडाची मॉडेलं, मग प्लॅस्टिकची, आणि १९७६ साली तिने रेडिओवर चालणारी पहिली मोटार विकायला काढली. ती पोर्शे गाडीची छोटी प्रतिकृती होती. ग्रासहॉपर १९८४ सालची. त्याच वर्षी तिची धाकटी बहीण म्हणावी अशी हॉर्नेट आली. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

रेडिओवर बसून बोलतो आहे, तर रेडिओचंही सांगतो. तारेशिवाय दुरून यंत्र हलवण्याचा हा खेळ सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात लहरी सोडून दूरची घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव ठेवली आणि ती दुरून चालवली, वळवली. आमच्या नाकतोड्यात तत्त्व तेच. हातातल्या पेटीतून २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर निघते. गाडीतला रिसीव्हर ती पकडतो आणि दोन छोटी यंत्रं हलवतो. त्यांना सर्वो म्हणतात. एक सर्वो पुढची चाकं वळवतो. दुसरा एक पितळी पट्टी सरकवून मोटरीचा वेग कमी-जास्त करतो, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा.

भाऊ आता नाहीत. गाडी कितीतरी वर्षं कपाटावर होती. माझा पुतण्या अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीच्या सुटीत त्याने ती खाली काढली, बॅटरी लावली आणि चालवून पाहिली. चालली! पण त्याला ती पुरली नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला मातीचा एक छोटा बांध आहे, तो चढताना ती कण्हत होती. बाजारात मिळणाऱ्या नव्या गाड्या तिच्यापुढून भुर्रकन निघून जात होत्या. तो माझ्या दुकानात आला आणि मोबाइलवर एक मोटर दाखवून म्हणाला, "काका, ही बसवू. चौपट वेग."

वहिनी मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याईनं जोडेल हाय ते गाडी. हात नोका लावू तिले."

पुतण्या म्हणाला, "आई, बाबांनी ती चालवायलाच आणली होती ना? कपाटावर ठेवायला नाही."

दोघांचंही बरोबर होतं. गाडी पळावी असं त्याला वाटणं साहजिक होतं. तिच्यावरचा एकेक स्क्रू नवऱ्याच्या हातचा आहे, तो हलू नये असं त्यांना वाटणंही साहजिक होतं. निवाडा मोटर भरणाऱ्याकडे आला. मी म्हटलं, आधी गाडीलाच विचारू, तिला किती झेपतं ते.

आता मोटरीकडे वळू. ग्रासहॉपरला मुळात जी मोटर येते तिला ३८० म्हणतात. जाडी जेमतेम २८ मिलिमीटर, वजन साधारण ७० ग्रॅम. तिच्या वरची ५४० नावाची. जाडी ३६ मिलिमीटर, वजन १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. या मोटरी जपानच्याच माबुची कंपनीने घरोघर पोहोचवल्या. १९५४ साली सुरू झालेल्या या कंपनीने जगभरच्या खेळण्यांना मोटरी पुरवल्या, आणि पुढे मोटारींचे आरसे आणि दाराची कुलुपंही तिच्या मोटरींवर फिरू लागली.

मोटर जोराची करायची म्हणजे काय करायचं? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मोटरीच्या खाचेत जागा ठरलेली असते. तिथं बारीक तारेचे जास्त वेढे बसवा किंवा जाड तारेचे कमी. समजा, वेढे निम्मे केले आणि तार दुप्पट जाड क्षेत्रफळाची घेतली. तारेची लांबी निम्मी झाली आणि वाट दुप्पट रुंद झाली. म्हणजे विरोध चौथ्या हिश्शावर आला. तेवढ्याच व्होल्टवर मोकळी मोटर जवळपास दुप्पट वेगाने फिरेल. शर्यतीवाले लोक मोटरीची जात म्हणूनच वेढ्यांवरून सांगतात. साधी ५४० सत्तावीस वेढ्यांची. वेढे जसे कमी, तशी मोटर तापट.

पण फुकट काहीच मिळत नाही. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि करंटला आवर घालते. ती रुतली, चाक अडलं, की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि करंटला अडवायला फक्त तारेचा विरोध उरतो. तो आपण चौथाई करून बसलो, म्हणजे रुतलेल्या मोटरीत करंट चौपट. आणि तापण्याचं गणित आणखी कडक आहे. एकाच तारेतून करंट दुप्पट गेला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मोटरीत जाड तार घातली हे खरं, पण बॅटरीपासून येणारी वायर, मधला प्लग, वेगाची ती पितळी पट्टी हे सगळं जुनंच राहिलं. त्यांनी काय करायचं?

शेतकरी श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. तीन एचपीची मोटर पाणी कमी देते म्हणून पाचची टाकतात. विहिरीचा झरा तेवढाच. खांबावरून आलेली केबल तेवढीच बारीक आणि तेवढीच लांब. डीपीवर आधीच दहा जणांचा भार. मग मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, ती गुरगुरते, स्टार्टरचे पॉइंट जळतात. विहीर लवकर आटते आणि पंप कोरडा फिरतो. दोन महिन्यांत मोटर माझ्या दुकानात. पाण्याला अडचण मोटरीची नव्हतीच, झऱ्याची होती. जोर एका जागी वाढवला की त्याचा भार पुढच्या कमजोर जागेवर जाऊन बसतो. ती जागा कोणती, हे आधी शोधायचं असतं.

म्हणून नाकतोड्याची तपासणी आम्ही मोटरीपासून केली नाही, चाकांपासून केली. गाडी उचलून चाक बोटाने फिरवलं तर ते जड फिरत होतं. उघडल्यावर आत काय सापडलं? कापसाची रुई! आमच्याकडे हंगामात रुई हवेत उडते, आसाला गुंडाळते आणि वरून काळ्या मातीची धूळ बसून तिचा घट्ट पीळ होतो. जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं. सगळं रॉकेलने धुतलं, पण प्लॅस्टिक जुनं म्हणून लगेच पुसून साबणाच्या पाण्याने काढलं. चाकं ज्यावर फिरतात ते प्लॅस्टिकचे बुश झिजले होते. त्यांच्या जागी त्याच मापाची बॉल बेअरिंग बसवली. खर्च थोडा, आणि गाडीत कुठंही भोक पाडावं लागलं नाही. जुन्याच मोटरीवर गाडी अंगणात सोडली तर पुतण्या म्हणाला, "काका, मोटर बदलली का तुम्ही?" घर्षण खाऊन टाकत होतं तो जोर मोकळा झाला होता, एवढंच.

पुढची पायरी बॅटरीची. भावाची मूळ बॅटरी निकेल कॅडमियमची होती, सहा सेल, ७.२ व्होल्ट. ती कधीच मेली होती. कॅडमियम विषारी, म्हणून आता त्या जागी निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी वापरतात. व्होल्ट तेवढेच, साठा मात्र जास्त. पुतण्याला लिथियम पॉलिमर हवी होती. ती हलकी आणि फार ताकदवान, पण तिचे दोन नियम आहेत. एका सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि तिला तिच्याच चार्जरवर, समोर बसून चार्ज करायचं. आमच्या जुन्या गाडीत दाब उतरला की बंद करणारी कोणतीच सोय नाही. अशी बॅटरी फुगते आणि पेटूही शकते. घरात कापूस भरलेला असतो, तिथं हा खेळ नको म्हटलं. पोराने ऐकलं.

मग मोटर. इथं हॉर्नेट कामाला आली. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट यांचा सांगाडा आणि गिअरची पेटी जवळपास एकच आहे. हॉर्नेटला कंपनीने स्वतःच ५४० दिली होती. म्हणजे ही गिअरपेटी ५४० चा जोर सोसते, हे बनवणाऱ्यानेच करून दाखवलेलं आहे. त्याच्या पुढचा जोर सोसेल की नाही, हे कोणी लिहून दिलेलं नाही. आमची मर्यादा तिथं ठरली. मोबाइलवरची चौपट वेगाची मोटर बाद झाली आणि साधी सत्तावीस वेढ्यांची ५४० आली.

पुतण्याची मोटर ब्रशलेस होती. तिच्यात कार्बन नसतो. वाइंडिंग स्थिर असतं आणि लोहचुंबक फिरतं. वाइंडिंग स्थिर असण्याच्या बाबतीत ती आपल्या पंपाच्या मोटरीसारखीच. मोटर उत्तम, यात शंका नाही. पण चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत ठिसूळ झालेलं असतं. झटक्यासरशी गिअरचे दात उडाले असते. पैसा वाया गेला असता आणि भावाचा हातही.

मोटर बदलताना चार गोष्टी पाहिल्या. त्या सांगतो, कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडतील.

पहिली, पिनियन. मोटरीच्या दांडीवरचं छोटं गिअर म्हणजे पिनियन. ३८० ची दांडी २.३ मिलिमीटर आणि ५४० ची ३.१७. जुनं पिनियन बसतच नाही. दातांची संख्या आम्ही हॉर्नेटचीच ठेवली. जास्त दातांचं लावलं तर वेग वाढतो, पण मोटरीवर ताण येतो. सायकलच्या मोठ्या पुढच्या चकतीवर चढ चढायला लागावं तसं. ज्या गाड्यांत मोटर मागेपुढे सरकवता येते, तिथं दोन गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळायची आणि मग पट्टी ओढून घ्यायची. उरते तेवढी फट बरोबर असते. फार घट्ट बसली तर मोटर तापते, फार सैल बसली तर दात जातात.

दुसरी, कार्बन बसवणं. नव्या मोटरीचा कार्बन सपाट असतो आणि कॉम्युटेटर गोल. दोघांची गाठ नीट पडलेली नसते. म्हणून नवी मोटर मोकळी ठेवून दोन सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर, काही मिनिटं हळू फिरू द्यायची. कार्बन गोलाईला लागतो, ठिणग्या कमी होतात आणि मोटरीचं आयुष्य वाढतं.

तिसरी गोष्ट तुम्हा रेडिओ ऐकणाऱ्यांच्या ओळखीची. घरात मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो ना? कार्बनच्या ठिणग्यांमधून लहरी निघतात, त्या आपल्या कार्यक्रमात घुसतात. गाडीचा रिसीव्हर तर त्या ठिणग्यांपासून चार बोटांवर. मोटरीवर छोटे कपॅसिटर झाळले नाहीत, तर गाडी आपलं ऐकणं सोडून मोटरीचं ऐकते. थरथरते, भलतीकडे वळते. नवी सुटी मोटर घेताना ते लावलेले आहेत का, हे पाहून घ्यावं. आम्ही तीन लावले. दोन कडांपासून बॉडीला आणि एक दोन कडांच्या मध्ये.

चौथी, वेगाची पितळी पट्टी. मोठ्या करंटने तिचे पॉइंट चिकटले, तर हात सोडला तरी गाडी थांबत नाही. अंगणात लहान मुलं असतात. म्हणून पट्टी काढून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला. ब्रेक नीट लागतो आणि रिसीव्हरलाही त्यातूनच वीज मिळते. पूर्वी लागायचे ते वेगळे चार पेन्सिल सेल गेले. कंट्रोलर स्क्रूने नाही, दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने लावला.

शेवटचं यासाठी सांगितलं की वहिनींना मी एक शब्द दिला होता. या गाडीत जे काही करीन ते उलटं करता येईल. सांगाड्याला नवं भोक नाही, एकही मूळ भाग कापायचा नाही. जुनी मोटर, जुनी पितळी पट्टी, जुने बुश, सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आहे. उद्या कुणाला १९८६ ची गाडी पाहायची असेल, तर एका दुपारचं काम आहे. कंपनीने हॉर्नेट २००४ साली आणि ग्रासहॉपर २००५ साली पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे टायर आणि गिअर यांसारखे भाग नवे मिळतात. आम्हीही टायर नवे घातले, जुन्यांना भेगा पडल्या होत्या. पण भावाने आवळलेला स्क्रू कोणत्याही कंपनीकडे मिळणार नाही. स्टिअरिंगजवळ एका ठिकाणी स्क्रू हरवला म्हणून त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याची पिन वाकवून बसवलेली सापडली. ती पिन आम्ही तशीच ठेवली. घट्ट आहे अजून.

गाडी आता कशी चालते? बांध चढते. नव्या गाड्यांच्या पुढे जात नाही, पण त्यांच्या दृष्टीआडही होत नाही. जड मोटर मागच्या बाजूला आल्यामुळे पुढचा भाग जरा हलका पडला आहे. वळणावर वेग कमी करावा लागतो, नाहीतर ती सरळच जाते. उड्या मात्र अशा मारते की नाव सार्थ व्हावं. पाच मिनिटं चालवली की थांबवतो आणि मोटरीला बोट लावून पाहतो. बोट तिथं टिकलं तर ठीक, चटका बसला तर गाडी सावलीत. माझा दुकानातला क्लॅम्प मीटर एसीचा, तो बॅटरीच्या वायरवर काही दाखवत नाही. डीसीचा क्लॅम्प पुतण्याने कॉलेजातून दोन दिवसांसाठी मागून आणला होता. बांधावर चाक अडलं की आकडा कसा झपकन वर जातो, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तो चौपट वेगाच्या मोटरीचं बोलला नाही. ती मोटर तो घेणार आहे, पण तिच्या जोराच्या मापाने बनवलेल्या नव्या गाडीसाठी. मला ते पटतं.

वहिनी पहिल्या दिवशी ओट्यावर बसून होत्या. गाडी बांध चढून पलीकडे उतरली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याईच्या हाताखाली एवढी नव्हती पळत." मग पोराला म्हणाल्या, "दे इकडं." दोन्ही हातांनी रिमोट धरून त्यांनी गाडी थेट तुळशीवृंदावनावर नेऊन आपटली. पुढचा बंपर त्यासाठीच असतो.

तर श्रोतेहो, घरात जुनं यंत्र असेल, खेळणं असो, शिलाई मशीन असो की विहिरीवरची मोटर, ते जोराचं करावं असं वाटलं तर जरूर करा. पण आधी ते साफ करा, तेलपाणी करा आणि अडतं कुठं ते बघा. बऱ्याचदा जोर आधीचाच पुरेसा असतो. नवा भाग घालायचा तर बनवणाऱ्याने सोसेल म्हणून दाखवलेल्या मापाच्या आत घाला. आणि काढलेला जुना भाग भंगारात देऊ नका, चिठ्ठी लावून ठेवा. माझ्या दुकानात तर आता गिऱ्हाईक "जोराची करून द्या" म्हणालं की मी आधी विचारतो, "केबल किती लांब आहे आणि झरा किती आहे?"